मधली वीस मिनिटं

मोहरीच्या फुलांच्या रंगाचा एक ठिपका… दुसरी रांग, डावीकडून तिसरी खुर्ची. आधी त्याला वाटलं सिनेमाच्या तबकडीला हळदीचं बोट लागलंय, म्हणून त्यानं ती बाहेर काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली, परत घातली, पुन्हा त्याच जागी आणून थांबवली, तरी ठिपका तिथंच. मग ठिपक्याला झालर दिसली. झालरीच्या वर हनुवटी दिसली, छातीवर टेकलेली. तोंड जरासं उघडं, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला… अरे, हा तर मी!

कारभारी वाकळे उठला आणि खोलीच्या दाराला उगाचच कडी लावून आला. घरात होतं कोण? बायको, मनकर्णाबाई, स्वैपाकघरात शेंगदाणे भाजत होती, आणि तिला सिनेमाचं असं वावडं की नवरा पडद्यावर आला काय अन् पडद्याखाली झोपला काय, तिला सारखंच. तरी कडी लावली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

आणि गंमत अशी, की सकाळपासून तो नुसता हवेत होता! वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळीच असं होतं. एरवी दर गुरुवारी कुणाचा तरी माहितीपट बघायचा, तो कसा प्रामाणिक आहे आणि कसा कच्चा आहे हे सातशे शब्दांत सांगायचं, पाच वाजायच्या आत गुलमंडीजवळच्या दैनिकाच्या कचेरीत पोचतं करायचं. एकवीस वर्षं झाली. शाळेत मराठी शिकवता शिकवता सुरू केलेलं सदर, निवृत्तीनंतरही चालू आहे; टॉकीजला न लागणारे सिनेमे, पदरचं घालून केलेले, गावातल्याच लोकांना घेऊन केलेले, हा त्याचा प्रांत. शहरात या प्रांताला राजा एकच, कारण दुसरं कुणी त्यात फिरकतच नाही. पण आज मुनिराचा माहितीपट सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला त्यानं चहा बाजूला ठेवला, बाराव्या मिनिटाला वही बाजूला ठेवली. पोरगी काय बघते हो! काय थांबते!

‘पाठमोरी माणसं’ हे त्या माहितीपटाचं नाव. विषय म्हणाल तर इलियास, मुनिराचा मामा. आधी टॉकीजमध्ये आणि नंतर फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये तीस वर्षं प्रोजेक्टर चालवलेला माणूस. मशीनखोलीच्या खिडकीतून त्यानं जन्मभर प्रेक्षक पाहिले ते पाठीमागून. सिनेमात तो एका जागी म्हणतो की मी या शहराला डोक्यांवरून ओळखतो, चेहऱ्यांवरून नाही. लोक हसले की खांदे हलतात, रडले की मान खाली जाते, बाकी तोंडं कशी होतात ते अल्ला जाने. आणि मग ही मुनिरा, कॉलेजात होती तेव्हा ती, एक दिवस मागून आणलेला कॅमेरा घेऊन मशीनखोलीतून खाली उतरली, पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि पडद्याकडं पाठ करून तिनं कॅमेरा लोकांवर धरला. मामाला चेहरे दाखवायला!

सव्वा मिनिट. मध्ये एकही कट नाही, आणि आवाज तिनं पूर्ण काढून टाकलेला. पडद्यावर काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. नुसता त्याचा उजेड चेहऱ्यांवर हलतो. पहिल्या रांगेत एक म्हातारी, पदराचा बोळा तोंडाशी धरलेली. तिच्यापलीकडं कॉलेजातली दोघं, खुर्चीच्या पार काठावर आलेली. सोसायटीचे सेक्रेटरी, जे प्रत्येक सिनेमात चहाचं बघायला म्हणून मधेच उठतात, ते उठायला निघालेले आणि अर्धे उठून तसेच थांबलेले, सव्वा मिनिट, गुडघे वाकवून! मागं एक बाई हसते आहे की रडते आहे हे तिचं तिला कळत नसावं. अख्खा हॉल एका श्वासावर टांगलेला, आणि त्याच्या मधोमध हा मोहरीच्या रंगाचा मफलर गुंडाळून डाराडूर झोपलेला समीक्षक.

त्यानं पुन्हा मागं नेलं. पुन्हा पाहिलं. कान तापले होते, पण एक सांगायलाच हवं — त्या तापलेल्या कानांच्या आत, अगदी आत, उड्या मारणारं काहीतरी चालूच होतं. शॉट सुंदर होता! मी झोपलेलो असल्यामुळं तो खोटा होत नव्हता. उलट… उलट तो झोपलेला माणूस काढून टाका, की बाकीचे चेहरे नुसते चेहरे राहतात. तो आहे म्हणून त्यांचं जागेपण दिसतं. म्हणजे शॉट उभा राहतो तो माझ्यामुळं! कारभारीला हसू आलं. मेल्या, लाज वाटायच्या वेळी पण तुला श्रेय पाहिजे का?

कोणता सिनेमा होता तो, हे आठवायला फार लांब जावं लागलं नाही. तो मफलर त्यानं एकच हिवाळा वापरला होता. पुढच्या वर्षी उंदरांनी खाल्ला. म्हणजे सात वर्षांपूर्वीचा जानेवारी. म्हणजे बन्सीचा सिनेमा, ‘दोन दोर’.

त्या दुपारी खुलताबादला इलियासच्या पुतण्याचं लग्न होतं. मोठ्या देगचीतला मटणाचा नान-खलिया, आणि इलियास स्वतः वाढायला. सर, और एक नान. सर, हे तर काहीच घेतलं नाही. कारभारी पंगतीत नाही म्हणणाऱ्यातला नव्हेच. वर पुन्हा गोड. मग जीपमध्ये कोंबून घाट उतरून सगळे शहरात, कारण चार वाजता सोसायटीचा खेळ आणि प्रोजेक्टरवालाच लग्नात! हॉलमध्ये गार हवा, गळ्याला मफलर, पोटात खलिया. डोळा लागला होता, हे त्याला माहीत होतं… म्हणजे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. मिनिटभर, फार तर दोन मिनिटं. एवढं कुणाचंही होतं. आज सात वर्षांनी तो त्या दोन मिनिटांकडं पहिल्यांदा नीट बघत होता, आणि सव्वा मिनिटाच्या शॉटमध्ये तो झोपलेला माणूस जराही हलत नव्हता.

कपाटातून त्यानं कात्रणांची फाईल काढली. मनकर्णाबाईनं बाहेरून विचारलं, शेंगदाण्याची चटणी लसूण घालून करू की बिनलसणाची, आणि तो म्हणाला, हो. कात्रण पिवळं पडलं होतं. एका गावातल्या दोन जावा, एकाच विहिरीवर पाणी भरतात, एकमेकींशी बोलत नाहीत, दोघींचे पोहरे वेगळे, दोर वेगळे. आणि शेवटी दोघी मिळून एकच दोर ओढताना दिसतात. जावांची कामं बन्सीच्या आईनं आणि चुलतीनंच केलेली, चतुराबाई आणि आवडाबाई. पिशोरचा पोरगा, चोवीस वर्षांचा, उसन्या कॅमेऱ्यावर काढलेला पहिला सिनेमा. आणि त्याच्यावर आपण काय लिहिलंय? ‘मध्यभाग रेंगाळलेला आहे. जावांचं शेवटचं मनोमीलन आभाळातून पडल्यासारखं येतं. ते का घडलं, हे दिग्दर्शकाला सांगता आलेलं नाही.’

सांगता आलेलं नाही! अरे, त्यानं सांगितलं होतं! तो सांगत होता तेव्हा तू घोरत होतास, बाबा! नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे. इथं तर नाचणारा आडवा झालेला आणि वर अंगणाला नावं ठेवतोय. त्याला वही सापडली त्या दिवसाची. एका ओळीवर ‘दोन दोर, दोन पोहरे. छान’. लगेच खालच्या ओळीवर ‘दोघी एकच दोर??’. दोन प्रश्नचिन्हं. मध्ये काही नाही, साधी रिकामी ओळही नाही. मी सलग पाहिल्यासारखं सलग लिहिलं होतं.

खाली वाकून त्यानं पाणी प्यायला तांब्या उचलला आणि तसाच हातात धरून येरझाऱ्या घालू लागला. लाज होतीच, शनिवारी सोसायटीत हा माहितीपट दाखवणार होते, शंभरभर माणसं, त्यातली निम्मी तो मफलर ओळखणारी. सेक्रेटरी तर खुर्चीवर उभे राहून ओळखतील. झाकली मूठ आता शनिवारी सहा वाजता उघडणार. पण खरं सांगायचं तर येरझाऱ्या लाजेच्या नव्हत्या. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट उड्या मारत होती — त्या हॉलमध्ये त्या वेळी पडद्यावर होतं तरी काय? काय पाहून सेक्रेटरींचे गुडघे वाकलेलेच राहिले? एकवीस वर्षं मी ज्याची वाट बघतो, दर गुरुवारी ज्याच्यासाठी बसतो, ते माझ्यापासून दहा फुटांवर होऊन गेलं का? आणि ते अजून आहे! कुठंतरी टेपवर आहे, बघता येईल! सात वर्षं जुनं, पण मला कोरं!

लिहायला तर बसावं लागणार होतं. बसला. ‘या शॉटमध्ये एक वयस्क प्रेक्षक मात्र झोपलेला आहे’ असं लिहिलं. वाचलं. वयस्क प्रेक्षक! खोडलं. मग शॉटचा उल्लेखच न करता लिहून पाहिलं, तर सगळा मजकूर लंगडा झाला. मुनिराच्या माहितीपटातून तो शॉट वगळायचा म्हणजे लाडवातून गूळ वगळायचा. आणि नाव घालून लिहायचं तर मग बन्सीचं काय? ‘मी झोपलो होतो’ एवढं लिहून भागत नव्हतं. झोपून मी काय केलं, तेही लिहावं लागणार. परीक्षण आलं त्यानंतर बन्सीनं दुसरा सिनेमा केला नाही, एवढं त्याच्या कानावर होतं. पिशोरला लग्नांचं शूटिंग करतो म्हणे. तेव्हा आपण काय म्हणालो होतो? टिकणारे टिकतात, असं काहीतरी. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यानं आधी इलियासला फोन लावला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. बहुधा अजून कुणीतरी ‘दोनच मिनिटं’ म्हणेल अशी आशा असावी. इकडचंतिकडचं विचारून झालं. इलियासचा गुडघा, मुनिराची नोकरी. मग त्यानं सरळच विचारलं, की तुला त्या दिवशी माहीत होतं का.

“सर,” इलियास म्हणाला, “जागं डोकं थोडं थोडं हलत राहतं. झोपलेलं एकदम जड होतं. पीछे से समझ में आता. वीस मिनिट तरी. मैंने घड़ी देखी थी.”

मग बोलला का नाहीस, असं कारभारीनं विचारलं, आणि विचारताना आवाज चढला. इलियासचा आवाज चढला नाही.

“आमच्याकडचं जेवून आले होते तुम्ही. माझ्याच हातानं वाढलं होतं. मेहमान को कैसे बोलूँ, के खाके सो गए? आणि मग तर छापून आलं, सर. छापून आल्यावर काय बोलणार?”

पुढं त्यानं आणखी एक सांगितलं, की मुनिरानं विचारलं होतं, हा शॉट ठेवू की काढू, आणि तोच म्हणाला होता की आपले वाकळे सरच सांगतात ना, कामाचा शॉट कुणाच्या मुलाहिज्यानं काढायचा नाही. कारभारी म्हणाला, बरोबर सांगितलंस. फोन ठेवल्यावरही बराच वेळ तो मान हलवत राहिला. वीस मिनिटं. पंचावन्न मिनिटांच्या सिनेमातली मधली वीस! गाभाच की. देवळात जाऊन गाभाऱ्यात तेवढं शिरलो नाही, आणि बाहेर येऊन सांगितलं, मूर्ती बेढब आहे.

तीन वाजून गेले होते. बन्सीचा नंबर इलियासकडूनच मिळाला होता. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा मागं हलगी, बायकांचा गलका, आणि त्यातून एक दमलेला आवाज, कोण बोलतंय म्हणून. कारभारीनं नाव सांगितलं. तिकडचा गलका एकदम लांब गेला. बन्सी बहुतेक चालत मांडवाबाहेर आला असावा.

“व्हय सर. बोला ना सर.” तोच आवाज. सात वर्षांपूर्वी कात्रणांची वही घेऊन सही मागायला आलेला.

ठरवलेली वाक्यं कारभारी सगळी विसरला. तो म्हणाला, तुझा सिनेमा बघायचाय मला. बन्सी म्हणाला, कोणता सर, एकच तर हाय, तो पाहिला ना तुम्ही.

“नाही पाहिला,” कारभारी म्हणाला. “मधली वीस मिनिटं झोपलो होतो मी. आणि तसंच लिहिलं.”

मागं हलगी वाजतच होती. कारभारीला वाटलं आता शिवी येईल, आणि येऊ दे, असं त्याला फार मनापासून वाटलं.

“म्हंजी…” बन्सी म्हणाला, “मधलं वाईट नव्हतं?”

ते ऐकून कारभारी मटकन पलंगावर बसला. तो म्हणाला की मला माहीत नाही रे, मी पाहिलंच नाही, तेच तर सांगतोय. तू टेप घेऊन ये, नाहीतर मी येतो, उद्याच येतो पिशोरला, सकाळच्या एसटीनं. बन्सी हळू आवाजात, कुणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तसं सांगू लागला. तुम्ही लिहिलं मधलं रेंगाळतं. सर एवढे सिनेमे पाहतात, सर खोटं कशाला लिहितील? म्हणून त्यानं महिनाभर बसून ते मधलं सगळं काढून टाकलं. पस्तीस मिनिटांचा केला सिनेमा, आणि परगावच्या महोत्सवाला धाडला. त्यांचं उत्तर आलं, चित्रण चांगलं आहे, पण जावा एकदम एक कशा झाल्या ते कळत नाही. काढलेलं कुठं ठेवलं नाही. त्याच टेपा पुढं लग्नांना वापरल्या.

म्हणजे नाही. ती वीस मिनिटं आता कुठंच नाहीत. माझं वाक्य खोटं होतं, आणि त्या पोरानं माझ्यावरच्या श्रद्धेपायी कात्री घेऊन ते खरं केलं! चुकलो, बन्सी, असं तो म्हणाला. एकदा म्हणाला, परत म्हणाला, आणि दोन्ही वेळा ते पुरलं नाही. मग गप्प बसवेना म्हणून तो त्या सव्वा मिनिटाविषयी सांगत सुटला. आज मी चेहरे पाहिले, बन्सी. तुझा सिनेमा बघणारे चेहरे. मुनिरानं घेतलेत. एक म्हातारी आहे, तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरलाय. दोन पोरं खुर्चीच्या काठावर. आणि सेक्रेटरी, तुला माहीत आहेत ना, चहावाले, ते अर्धे उठून तसेच थांबलेत, बसायचं विसरून!

“अर्धे उठून?” बन्सी म्हणाला. “खरंच सर?”

तो त्या दिवशी हॉलमध्ये नव्हताच. भीतीनं बाहेर रसवंतीपाशी उभा होता, शेवटची टाळी होईपर्यंत. हे चेहरे त्यानं कधी पाहिले नव्हते; त्याला ठाऊक असलेलं एकच मत छापलेलं होतं.

“अर्धे उठलेले म्हंजी…” आता बन्सीचा आवाज बदलला होता, त्यात घाई आली होती, “म्हंजी मायचा दोर तुटतो तवा आसंल. थांबा सर. ते मधलं सुरवातीपासून सांगतो. पहिला शॉट विहिरीतून वर. लई खालून. गोल आभाळ, अन् त्याच्यात मायचं तोंड. दोर तुटलाय तिचा, पोहरा खाली गेलाय. घरी लेकरू तापलंय, पाणी तर पाह्यजे. अन् काकीचा दोर तिथंच ठेवलेला हाय, कठड्यावर. माय त्याच्याकडं बघत नाय. बघत नाय म्हंजी, सर, सव्वादोन मिनिटं ती त्याच्याकडं बघत नाय, अन् आपल्याला दुसरं काही दिसतच नाय!”

“अरे वा!” कारभारी उठून उभा राहिला. “मग?”

“मग तिनं हात पुढं केला. हात निस्ता कठड्यावर ठेवला, दोराला नाय लावला. अन् मागून पैंजण वाजले. काकी आली. आता कॅमेरा म्या…”

तिकडून कुणीतरी बन्सीभाऊ, बन्सीभाऊ अशा हाका मारू लागलं. नवरदेव पाटावर बसला, हळद लागायलीये, कॅमेरा कुठंय. बन्सी म्हणाला, सर, ठेवतो, यांची हळद हुकंल. मग करतो फोन. आणि ठेवलाच.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला आले होते. कोरा कागद टेबलावर, पाचच्या आत काय लिहायचं आणि स्वतःचं नाव कुठल्या ओळीत घालायचं हे सगळं अजून व्हायचं होतं, आणि मनकर्णाबाई दाराची कडी वाजवून विचारत होती, आत काय एवढं चाललंय. कारभारी खोलीच्या मधोमध फोन घट्ट धरून उभा होता. म्हातारीनं पदर तोंडाशी नेला तो आता की अजून पुढं? काकीनं तो हात पाहिला का? पाहून काय केलं? एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला कशाबद्दल काहीही मत नव्हतं. पुढं काय झालं, तेवढं फक्त हवं होतं.